पांढरी तीन, पांढरी सहा

२१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतल्या वुडस्टॉक गावी गार्थ हडसन वारले. वय ८७. ‘द बँड’ या रॉक चमूतले ते शेवटचे. रिचर्ड मॅन्युएल १९८६ मध्ये, रिक डँको १९९९ मध्ये, लेव्हॉन हेल्म २०१२ मध्ये आणि रॉबी रॉबर्टसन २०२३ मध्ये गेले होते. मी वाचतो त्या मराठी वर्तमानपत्रांत या बातमीच्या चार ओळीही आल्या नाहीत, आणि ते मला फार लागलं. घनसावंगीच्या माणसाला त्याचं एवढं काय, असं एका जवळच्या मित्राने विचारलं. त्याला तेव्हा फोनवर धड उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो.

आमच्या तालुक्यात संगीत म्हणजे भजन. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच तालुक्यातलं, दक्षिणेला गोदावरी, आणि गावोगावी पेटी, पखवाज, टाळ. १९८८ मध्ये ‘कयामत से कयामत तक’ आला आणि गिटार ही वस्तू पोरांच्या डोळ्यांत भरली. १९९२ मध्ये एरिक क्लॅप्टनचा ‘अनप्लग्ड’ आला आणि विजेशिवाय, साध्या लाकडी गिटारवरही हे संगीत उभं राहतं, हे कळलं. आमच्या भागात वीज कधीही जायची, त्यामुळे ही बातमी आमच्यासाठीच होती असं मला आजही वाटतं.

नव्वदच्या दशकात मी शिकायला औरंगाबादला होतो. सुटीला गावी येताना कलकत्त्याला बनलेली एक गिटार खांद्यावर असायची. तारा मानेपासून इतक्या उंच, की बोटांची टोकं फाटायची. सुरात लावायला यंत्र नव्हतं. ते काम आमच्या काकांच्या पेटीने केलं. काका भजनी मंडळात पेटी वाजवायचे. इंग्रजी स्वरांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, पण एकेक तार ऐकून त्यांनी पट्ट्या सांगितल्या: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, आणि दोन सप्तकं वर पुन्हा पांढरी तीन. जगभर गिटार अशीच लावतात. मला ती पेटीवरून कळली, आणि तेव्हापासून कान पेटीच्या पट्ट्यांतच विचार करतो.

मग टेप. सेल उतरले की कॅसेट हळू फिरायची आणि गाणं अर्धा सूर खाली यायचं. पेटीला लावलेली गिटार टेपशी जुळायची नाही. मग टेपला धरून सहाही तारा उतरवायच्या, एक कडवं ऐकायचं, मागे फिरवायचं, पुन्हा ऐकायचं. कॅपो मिळत नव्हता. पेन्सिल आडवी ठेवून सायकलच्या ट्यूबच्या रबराने मानेला आवळायची. एका गाण्यात महिना जायचा, पण महिन्याच्या शेवटी ते गाणं आतून माहीत झालेलं असायचं. खर्जाची तार कुठे चालत खाली येते, गाणारा श्वास कुठे घेतो, कोणत्या शब्दावर ढोल थांबतो, सगळं.

पहिलं गाणं ‘कॉटन फिल्ड्स’. लेड बेली या लुइझियानाच्या काळ्या गायकाने ते १९४० मध्ये ध्वनिमुद्रित केलं, क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलने १९६९ मध्ये पुन्हा गायलं. तीन कॉर्ड. अंगठ्याने खर्जाची तार, मग बाकीच्या तारांवर हलका फटकारा, पुन्हा दुसरी खर्जाची तार. १९२७ मध्ये कार्टर कुटुंबाची पहिली ध्वनिमुद्रणं झाली, तेव्हापासून मेबेल कार्टरच्या अंगठ्याने ही चाल घरोघर नेली. त्या गाण्यात सडलेल्या बोंडांचा उल्लेख आहे. बोंडसड म्हणजे काय हे मुंबईच्या गिटारवाल्याला समजावून सांगावं लागेल. आमच्या घरी वेचणीला माणूस मिळत नसे आणि चुकारे कधी होतील यावर दुकानदाराची उधारी ठरत असे. आम्हाला कोण समजावणार?

माझं सगळं म्हणणं इथे आहे. ही गाणी शहरी, इंग्रजी शाळांतल्या पोरांची, असा शिक्का आपल्याकडे बसला. पण लेव्हॉन हेल्म आर्कान्सामधल्या कापूस पिकवणाऱ्याचा मुलगा, जॉनी कॅशचं बालपण त्याच राज्यात कापूस वेचण्यात गेलं. ‘द बँड’च्या १९६९ च्या दुसऱ्या अल्बममधलं ‘किंग हार्वेस्ट’ हे पीक बुडालेल्या, खचलेल्या आणि शेवटी संघटनेत जाणाऱ्या शेतकऱ्याचं गाणं आहे. शरद जोशींची शेतकरी संघटना पुढे दहा वर्षांनी, १९७९ मध्ये उभी राहिली. ज्या जिल्ह्यात प्रत्येक घरात हा विषय रात्रीच्या जेवणाबरोबर निघतो, तिथे हे गाणं कुणी वाजवून दाखवलं नाही.

औरंगाबादला एका क्लासमध्ये गुरुजींनी सांगितलं होतं, असली रडगाणी कोण ऐकणार, पार्टीत चालेल ते शीक. हॉस्टेलवरची रॉकवाली मंडळी वेगळीच. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक भरत होता, तिथल्या कथा ते भारावून सांगायचे आणि वेग हीच एक कसोटी मानायचे. तीन कॉर्डची गाणी त्यांच्या लेखी बालवाडी होती. तीस वर्षांनी त्यांना सांगतो: तीन कॉर्डमध्ये लपायला जागा नसते. ठेका अर्ध्या केसाने सरकला तरी ऐकू येतो. गावातल्या काही वडीलधाऱ्यांनी गिटारला तुणतुणं म्हटलं. त्यांच्याशी मात्र माझं भांडण नाही. एका तारेवर सूर आणि लय दोन्ही धरणारं वाद्य हलकं कधीच नव्हतं.

‘द वेट’ मला सगळ्यात उशिरा आलं. १९६८ चं गाणं, सुरुवात साध्या लाकडी गिटारची, लिहिणारे रॉबर्टसन. त्यातलं नाझरेथ हे गाव त्यांना गिटारच्या पोटातल्या चिठ्ठीवर सापडलं; मार्टिन कंपनीच्या गिटारी पेन्सिल्व्हेनियातल्या नाझरेथला बनतात. ध्रुवपदाला एकामागून एक आवाज येऊन मिळतात, भजनात टाळकरी पद उचलतात तसे. पियानो हडसन यांचा. घरच्यांनी नावं ठेवू नयेत म्हणून हा माणूस चमूत ‘संगीत शिक्षक’ म्हणून दाखल झाला होता आणि सहकाऱ्यांकडून शिकवणीचे आठवड्याला दहा डॉलर घेत होता. १९६७ मध्ये त्याने ‘बिग पिंक’ या घराच्या तळघरात बंगालच्या बाउलांचं गाणं टेपवर घेतलं. त्याच बाउलांपैकी पूर्ण दास आणि लक्ष्मण दास बॉब डिलनच्या ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर उभे आहेत. एकताऱ्याची किंमत त्या तळघराला कळली होती.

पुढची वर्षं चटकन सांगून टाकतो. सीडी आल्या, एमपीथ्री आले, मी नोकरीत अडकलो. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, शिवारात कापसाच्या जागी सोयाबीन आलं. काका गेले. मंडळाची पेटी कपाटात गेली आणि वरातीत छातीत धडकी भरवणारा डीजे आला.

आता भाचा छत्रपती संभाजीनगरला गिटार शिकतो. गिटार चांगली आहे, तारा बोटांना सोसतात, फोन सूर लावून देतो. हे सगळं मिळालं याचा मला आनंद आहे. पण तो गाणं ऐकत नाही, पाहतो. पडद्यावर ठिपके उमटतात, तो बोटं ठेवतो, तीस सेकंदांचा तुकडा बसवतो आणि पुढच्या गाण्याकडे जातो. त्याला मी ‘द वेट’ वाजवायला सांगितलं. मूळ गाणं ए पट्टीत आहे आणि त्यात दुसराच कॉर्ड सी शार्प मायनर, म्हणजे पहिलं बोट आडवं दाबून धरायचं. त्याने पाहिलेल्या धड्यात कॅपो लावून पट्टी सोपी केली होती आणि त्या कॉर्डच्या जागी मोकळ्या तारांचा दुसराच मायनर बसवला होता, बोटं दुखू नयेत म्हणून. दमून गावात आलेला माणूस आणि झोपायला जागा न मिळणं, हा त्या गाण्याचा सगळा थकवा त्या एका कॉर्डमध्ये आहे. मी धडा बंद करायला लावला. कपाटातली पेटी काढून दिली आणि सांगितलं, आधी काळी एक धर, तिचा सूर गळ्यात घे, मग मानेवर शोध.