वित्तीय समावेशनासाठीच्या विकास-अर्थसाहाय्याचे मूल्यमापन

बचत, कर्ज, विमा इत्यादी सेवा गरीब कुटुंबांपर्यंत पोहोचाव्यात म्हणून निधी देणाऱ्या संस्था आपले काम किती परिणामकारकपणे करतात, याची पद्धतशीर तपासणी म्हणजे वित्तीय समावेशनासाठीच्या विकास-अर्थसाहाय्याचे मूल्यमापन होय. विकास बँका, देणगीदार देशांच्या यंत्रणा आणि संयुक्त राष्ट्रांशी संलग्न निधी यांचा अशा संस्थांत समावेश होतो.

स्मार्टएड निर्देशांक

जागतिक बँकेशी संलग्न असलेल्या ‘सीजीएपी’ या संस्थेने २००७ मध्ये स्मार्टएड निर्देशांकाची प्रायोगिक चाचणी घेतली. धोरणाची स्पष्टता, कर्मचाऱ्यांची क्षमता, फलनिष्पत्तीबाबतचे उत्तरदायित्व, ज्ञानव्यवस्थापन आणि योग्य वित्तीय साधने या पाच निकषांवर निधीदात्या संस्थेला १०० पैकी गुण दिले जात. हा निर्देशांक संस्थेची अंतर्गत व्यवस्था तपासतो. प्रत्यक्ष गावपातळीवरील परिणाम मोजत नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण

महिला आर्थिक विकास महामंडळाची (माविम) स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ रोजी झाली. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने माविमने २००७ पासून ‘तेजस्विनी’ ग्रामीण महिला सक्षमीकरण कार्यक्रम राबवला. यात बचत गटांचे संघ म्हणून लोकसंचालित साधन केंद्रे उभारण्यात आली. गटांना बँकेचे कर्ज मिळवून देणे, हिशेब तपासणे व प्रशिक्षण देणे ही कामे करून सेवाशुल्कातून स्वतःचा खर्च भागवावा, अशी या केंद्रांची रचना आहे. त्यामुळे किती गट स्थापन झाले यापेक्षा, बाह्य निधी थांबल्यावर केंद्र टिकते का, हा मूल्यमापनाचा अधिक कठोर निकष ठरतो.

खान्देशातील संदर्भ

जळगाव जिल्ह्यातील भडगाव तालुका गिरणा नदीच्या खोऱ्यात असून कापूस हे या भागातील एक प्रमुख पीक आहे. खरिपाचा खर्च जूनच्या सुमारास होतो, तर कापसाचे पैसे वेचणी सुरू झाल्यावर, साधारणतः दिवाळीच्या आसपास हाती येऊ लागतात. अशा कुटुंबाला समान मासिक हप्त्यांचे कर्ज दिल्यास वसुलीचे आकडे चांगले दिसूनही हप्ता फेडण्यासाठी सावकाराकडून उसनवारी झालेली असू शकते. म्हणून परतफेडीच्या टक्केवारीबरोबरच परतफेडीच्या पैशाचा स्रोत तपासणे आवश्यक असते.

ठेवींची सुरक्षितता हा दुसरा प्रश्न आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकांतील ठेवींना प्रतिठेवीदार ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवी मात्र या योजनेत येत नाहीत. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांमध्ये ठेवी अडकल्याने अनेक कुटुंबे अडचणीत आली. केवळ खाती मोजणाऱ्या पद्धतीत हा धोका नोंदला जात नाही.

मर्यादा

एकाच गावात शासन, नाबार्ड, बँका आणि खासगी सूक्ष्मवित्त कंपन्या कार्यरत असल्याने झालेल्या बदलाचे श्रेय एका निधीदात्याला देणे कठीण असते. शिवाय गटातील महिलेच्या नावावरील कर्जाचा वापर कोण ठरवतो, ही बाब बँकेच्या नोंदींतून कळत नाही. त्यासाठी कुटुंबपातळीवरील पाहणी करावी लागते.