थीम पार्कमधील दिशाबोध आणि दिवसाचे नियोजन

अपरिचित स्थळी गेलेल्या मनुष्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. आपण कोठे आहोत आणि इच्छित ठिकाणी कोणत्या वाटेने जावे, हा पहिला. हाती असलेल्या वेळात काय काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हा दुसरा. पहिला प्रश्न अवकाशाचा, दुसरा काळाचा. व्यवहारात या दोहोंची उत्तरे एकाच मार्गदर्शक पुस्तिकेत शेजारी शेजारी छापलेली असतात आणि त्यामुळे ते एकाच जातीचे प्रश्न आहेत असा समज होतो. वस्तुतः त्यांच्यात मूलभूत भेद आहे. एकाला वाट दाखविल्याने दुसऱ्याचे काही उणे होत नाही. उलट एकाचा रांगेतील वेळ वाचतो तो पुष्कळदा दुसऱ्याच्या वेळातून वाचलेला असतो. हा भेद स्पष्ट करण्यासाठी थीम पार्क या आधुनिक करमणूक-उद्यानाचे उदाहरण विशेष सोयीचे आहे. तेथील प्रत्येक वाट, प्रत्येक वळण आणि प्रत्येक रांग हेतुपूर्वक आखलेली असते. येणाऱ्यांपैकी अनेकांना ती जागा नवीन असते. आणि बहुतेकांच्या हाती एकच दिवस असतो.

डिस्नेलँडची रचना

या प्रकारच्या उद्यानांत सर्वांत प्रभावी ठरलेला आराखडा म्हणजे कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथील डिस्नेलँडचा होय. १९५३ साली स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या हॅरिसन प्राइस यांनी जागेची पाहणी केली, सुमारे १६० एकरांची भूमी निवडण्यात आली आणि १७ जुलै १९५५ रोजी उद्यान उघडले. त्याच्या रचनेतील पहिली गोष्ट ही की, आत येण्याचे द्वार एकच ठेवण्यात आले. द्वारातून आलेला मनुष्य 'मेन स्ट्रीट' या सरळ रस्त्याने चालू लागतो आणि रस्त्याच्या शेवटी असलेल्या वर्तुळाकार चौकात पोहोचतो. चाकाच्या तुंब्यापासून आरे निघावेत त्याप्रमाणे या चौकातून निरनिराळ्या विभागांकडे वाटा फुटतात. चौकापलीकडे ७७ फूट उंचीचा किल्ला उभा आहे. त्याचे दगड खाली मोठे आणि वर लहान घडविलेले असल्यामुळे तो आहे त्याहून उंच भासतो. उद्यानाच्या भोवती मातीचा बांध घातलेला असून त्यावरून आगगाडी धावते. या बांधामुळे बाहेरचे शहर आतून दिसत नाही.

या आराखड्याचा लाभ असा की, पाहुण्याला संपूर्ण नकाशा ध्यानात ठेवण्याची गरज उरत नाही. 'चौकात परत ये आणि दुसरी वाट धर' एवढा एकच नियम त्याला पुरेसा होतो. वाट चुकली तरी चूक महागात पडत नाही, कारण किल्ला दिसला की चौक सापडतो. रस्त्याच्या टोकाशी दृष्टी खेचून घेणाऱ्या अशा उंच वस्तूंना वॉल्ट डिस्ने सॉसेजवरून घेतलेले एक विनोदी नाव देत असत. सॉसेज दाखविताच कुत्रा जसा मागोमाग येतो, तसा मनुष्य त्या वस्तूकडे आपोआप चालत जातो, असा त्यामागील भाव होता. बाणांच्या फलकांपेक्षा ही युक्ती अधिक परिणामकारक ठरते. फलक वाचावा लागतो. किल्ला नुसता दिसावा लागतो.

मनातील नकाशा

या युक्तीचे शास्त्रीय विवेचन मात्र स्वतंत्रपणे झाले. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे असे प्रतिपादन केले की, प्राणी केवळ वळणांची मालिका पाठ करीत नाही, तर परिसराचा एक मानसिक नकाशा तयार करतो. १९६० साली केव्हिन लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या नगरांतील रहिवाशांच्या मनातील नगरचित्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे चित्र वाटा, कडा, विभाग, संधिस्थाने आणि खुणा या पाच घटकांचे बनते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

डिस्नेलँडला हे पाच घटक लावून पाहिल्यास त्याच्या सुबोधतेचे कारण उलगडते. मेन स्ट्रीट ही वाट, मातीचा बांध ही कडा, मध्यवर्ती चौक हे संधिस्थान, आणि किल्ला ही खूण होय. प्रत्येक विभागातील इमारती, फरसबंदी, झाडे आणि संगीत भिन्न असल्यामुळे विभागाची सीमा ओलांडल्याचे न सांगता कळते. पाचही घटक एका लहानशा क्षेत्रात इतक्या ठसठशीतपणे एकत्र आलेले आढळणे हे सामान्य नगरात विरळाच.

तथापि ही सुबोधता कायम टिकतेच असे नाही. उद्यान वाढू लागले की मूळ आराखड्यावर ताण पडतो. डिस्नेलँडमध्ये १९६६ साली झालेला न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर, १९९३ सालचे टूनटाउन आणि २०१९ सालचा 'स्टार वॉर्स' विभाग यांपैकी कोणताही मध्यवर्ती चौकाला थेट जोडलेला नाही. तेथे जाण्यासाठी दुसऱ्या विभागातून जावे लागते, आणि तेथे चौकाचा नियम अपुरा पडून नकाशाची गरज लागते.

नकाशाचेही एक शास्त्र आहे. 'आपण येथे आहात' अशी खूण असलेल्या भिंतीवरील नकाशांवर मार्विन लेव्हिन यांनी १९८० नंतरच्या दशकात संशोधन केले. वाचणाऱ्याच्या समोर जे आहे ते नकाशात वरच्या बाजूस असावे, हा त्यांच्या संशोधनाचा सार. नकाशा या दिशेशी विसंगत लावला तर अनेक जण चुकीच्या बाजूस चालू लागतात. नकाशा अचूक असूनही तो दिशाभूल करू शकतो, ही गोष्ट संस्थांच्या इमारतींत फलक लावणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

या सर्व साधनांचे एक समान लक्षण असे की, त्यांचा उपयोग कितीही जणांनी केला तरी ती क्षीण होत नाहीत. किल्ला एकाला दिसला म्हणून दुसऱ्याला दिसेनासा होत नाही.

क्रमाचा प्रश्न

दिवसाच्या नियोजनाचा प्रश्न मात्र निराळा आहे. दहा राइड पाहावयाच्या असतील तर त्यांचे संभाव्य क्रम ३६,२८,८०० होतात. पंधरा असतील तर ही संख्या सुमारे १ लाख ३० हजार कोटींवर जाते. हा प्रश्न गणितातील 'फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्ना'शी जुळतो. १९५४ साली डँट्झिग, फुल्कर्सन आणि जॉन्सन यांनी त्याचे ४९ नगरांचे उदाहरण सोडवून दाखविले होते. परंतु विक्रेत्याच्या प्रश्नात दोन नगरांमधील अंतर स्थिर असते. येथे चालण्याचे अंतर स्थिर असले तरी रांगेचा वेळ घटकेघटकेला बदलतो, आणि तो बदलतो तो इतर सर्व जणांनी निवडलेल्या क्रमांमुळे. एकाच्या नियोजनाचे उत्तर अशा रीतीने इतरांच्या नियोजनावर अवलंबून असते.

रांगेचा हिशेब १९६१ साली जॉन लिट्ल यांनी सिद्ध केलेल्या नियमाने करता येतो. स्थिर अवस्थेत रांगेतील माणसांची सरासरी संख्या ही, दर तासाला येणाऱ्यांची संख्या आणि प्रत्येकाचा सरासरी प्रतीक्षाकाळ यांच्या गुणाकाराइतकी असते. एखादी राइड तासाला १,२०० माणसांना सामावून घेत असेल आणि तिच्यापुढे ६०० जणांची रांग असेल, तर शेवटच्या माणसाला ३० मिनिटे थांबावे लागेल. आता या १,२०० आसनांपैकी ८०० आसने आगाऊ पास घेणाऱ्यांसाठी राखून ठेवली असे समजू. साध्या रांगेला तासाला ४०० आसनेच उरतात आणि तेवढीच ६०० जणांची रांग ९० मिनिटांची होते. पासधारकांपैकी काही जण एरवी याच रांगेत उभे राहिले असते, म्हणून ती प्रत्यक्षात काहीशी आखूड होईल हे खरे. परंतु एकूण आसने वाढलेली नाहीत. शिवाय पासधारक मधला वेळ अन्य राइडच्या रांगेत घालवितो, म्हणजे त्याची प्रतीक्षा दुसऱ्या ठिकाणच्या गर्दीत भर घालते.

यावरून सर्व नियोजन व्यर्थ आहे असे मात्र समजू नये. रिकामे गेलेले आसन कायमचे वाया जाते. म्हणून ते भरणारी प्रत्येक योजना निव्वळ लाभाची असते. एकट्या माणसांची वेगळी रांग लावून गटांमध्ये मोकळ्या राहिलेल्या जागा भरणे, सकाळच्या विरळ घटकांचा उपयोग करणे, निष्कारण पायपीट वाचविणे, आणि ज्याला एखादी राइड रुचणार नाही त्याला ते आधीच कळविणे, यांत कोणाचेही नुकसान नाही. परंतु 'उद्यान उघडताच लोकप्रिय राइडकडे धावा' हा सल्ला तो थोड्यांनाच ठाऊक असेतोवर उपयोगी पडतो. सर्वांनी तो पाळला तर रांग फक्त सकाळी लागेल.

आसनांच्या वाटपाचा इतिहास

मर्यादित आसने कोणाला द्यावयाची, याची उत्तरे डिस्ने उद्यानांनी काळानुसार बदलत नेली. ऑक्टोबर १९५५ मध्ये डिस्नेलँडने अ, ब, क या अर्थाच्या तीन वर्गांची तिकीटपुस्तिका काढली. १९५६ साली चौथा आणि १९५९ साली पाचवा वर्ग तीत आला. सर्वांत आकर्षक राइडची तिकिटे मोजकीच असल्यामुळे लोक लहान राइडकडेही वळत आणि गर्दी पसरत असे. ही पुस्तिका, तसे न म्हणता, दिवसाचे नियोजनच करीत होती. १९८२ साली ती बंद झाली आणि एकाच प्रवेशशुल्कात सर्व काही खुले झाले. प्रत्येक राइडची वेगळी किंमत नाहीशी होताच तिची जागा प्रतीक्षेने घेतली.

१९९९ साली फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये 'फास्टपास' सुरू झाला. यंत्रात प्रवेशपत्र घातले की परत येण्याची वेळ छापून मिळे, आणि त्यासाठी वेगळे शुल्क नव्हते. २०१३–१४ मध्ये त्याचे रूप बदलून ही राखीव वेळ ३० दिवस आधी, आणि डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना ६० दिवस आधी, निवडता येऊ लागली. मार्च २०२० मधील टाळेबंदीपासून ही निःशुल्क पद्धत थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी सशुल्क सेवा आली, तिचा आरंभीचा दर माणशी दिवसाला १५ डॉलर होता. जुलै २०२४ मध्ये तिचे नाव आणि नियम बदलले, शुल्क राहिले. म्हणजे १९८२ साली समोरच्या दाराने गेलेली किंमत चाळीस वर्षांनी बाजूच्या दाराने परत आली.

प्रत्येक पद्धतीत लाभ भिन्न व्यक्तीला होतो. साधी रांग ज्याच्याजवळ वेळ आहे त्याला अनुकूल, आगाऊ नोंदणी ज्याला नियम ठाऊक आहेत त्याला, आणि सशुल्क पास ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला. ज्याला शारीरिक किंवा मानसिक कारणाने रांगेत उभे राहणेच अशक्य आहे, त्याच्यासाठी चौथ्या तत्त्वाची, म्हणजे गरजेची, आवश्यकता असते. डिस्ने उद्यानांत २०१३ पासून अशी वेगळी व्यवस्था आहे. परंतु २०२४ साली तिच्या पात्रतेच्या अटी आवळण्यात आल्या, यावरून गरज ठरविणेही सोपे नाही हे दिसते.

डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ साली प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावर लिहिताना दाखविले की, रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, अनिश्चित प्रतीक्षा निश्चित प्रतीक्षेपेक्षा जड जाते आणि अन्याय्य प्रतीक्षा न्याय्य प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते. रांगेत देखावे मांडून पहिली तक्रार दूर करता येते. प्रतीक्षेची मिनिटे फलकावर लिहून दुसरीही. तिसरी तक्रार मात्र सजावटीने मिटत नाही, कारण शेजारून पुढे जाणारी वेगळी रांग उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत असते.

निष्कर्ष

पाहुण्याला साहाय्य करणाऱ्या प्रत्येक योजनेला म्हणून एक प्रश्न विचारावयास हवा: हे साहाय्य सर्वांना एकाच वेळी मिळाले तरी ते साहाय्य राहील काय? मध्यवर्ती चौक, उंच खूण, योग्य दिशेने लावलेला नकाशा आणि रिकाम्या आसनाची माहिती या कसोटीस उतरतात. रांग ओलांडून पुढे नेणारा पास उतरत नाही. तो वाटपाचा निर्णय असतो आणि त्याचे समर्थन वाटपाच्या न्यायानेच करावयास हवे. रुग्णालयांत, रेल्वे स्थानकांत आणि देवस्थानांच्या दर्शनरांगांतही हाच भेद लागू पडतो. तेथे 'सोय' या एकाच शब्दाखाली दोन्ही गोष्टी दडपल्या जातात आणि सोयीचा खर्च कोण सोसतो हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. अशा स्थळांचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम दिशाबोधाचा हिशेब आणि रांगेचा हिशेब वेगळे मांडावेत. पहिल्यात कुशल रचनाकाराचे काम पुरते. दुसऱ्यात, रचना कितीही कुशल असली तरी, कोणाला थांबवावयाचे हे कोणीतरी ठरविलेले असते.