ओझे अनेकींचे, दिशा कोणाची?

मुंगीच्या उद्योगशीलतेचे गोडवे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु साखरेचा कण एकटीने नेणारी मुंगी आणि वीस-पंचवीस जणींनी मिळून ओढलेले मेलेले झुरळ, ही दृश्ये वरकरणी सारखी वाटली तरी त्यांतील प्रश्न निराळे आहेत.

एकटीचा प्रश्न मुख्यतः बळाचा. ओझे जबड्यात धरून उचलता आले तर ती सरळ चालते. न आले तर पाठमोरी होऊन ओढीत नेते. मग वाट दिसावी कशी? स्पेनमधील एका जातीच्या मुंग्यांविषयी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचे उत्तर मिळते. अशी मुंगी मध्येच ओझे खाली ठेवते, वळून समोरचा देखावा न्याहाळते आणि दिशा सुधारून पुन्हा पाठमोरी चालू लागते.

अनेकींचा प्रश्न मात्र दिशेचा असतो. पुष्कळ जातींना तो नीट सुटलेला नाही. त्यांच्या मुंग्या एकमेकींविरुद्ध ओढीत बसतात, अथवा भक्ष्याचे तुकडे करून ज्याचा त्याचा भार वाहतात. आपल्या घरांतून सैरावैरा धावणारी, लांब मिशांची काळसर मुंगी याला सन्माननीय अपवाद आहे. शास्त्रज्ञ तिला पॅराट्रेकिना लाँजिकॉर्निस म्हणतात. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत ओफर फाइनरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष मुळातून समजून घेण्याजोगे आहेत.

ओझ्याच्या पुढच्या बाजूच्या मुंग्या ओढतात. मागच्या किंचित उचलून धरतात, त्यामुळे घर्षण कमी होते. ओझे कोणीकडे सरकते आहे हे प्रत्येकीला त्याच्या ओढीवरूनच कळते आणि बहुतेक जणी त्या ओढीला अनुसरतात. एकजूट साधते ती अशी; पण तेवढ्याने वारूळ गाठता येत नाही, कारण ओझ्याला चिकटलेल्यांचे दिशाभान सुटत जाते. एवढ्यात बाहेरून एखादी नवी मुंगी येऊन ओझे धरते. तिला वाट ठाऊक असते. ती योग्य बाजूला ओढते आणि अनुसरण्याच्या वृत्तीमुळे सारा जथा वळतो. हे पुढारीपण जेमतेम दहा-वीस सेकंदांचे! मग तीही इतरांसारखी होते आणि दुसरी कोणी येते. जथा फार लहान असेल तर ओझे भरकटते. फार मोठा असेल तर एकटीच्या ओढीने वळत नाही. मध्यम आकाराच्या जथ्यात मात्र एकोपा टिकतो आणि नवख्या मुंगीचे म्हणणे ऐकलेही जाते.

याच गटाने पुढे मुंग्यांना आणि माणसांना एकच कोडे घातले: इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची वस्तू दोन अरुंद फटींतून पार न्यायची. त्याचे निष्कर्ष २०२४च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. एकट्या मुंगीपेक्षा मुंग्यांचा मोठा जथा सरस ठरला. माणसांच्या गटांची कामगिरी मात्र एकट्या माणसाहून सुधारली नाही. बोलण्यास व खुणा करण्यास बंदी घातली असता ती काही वेळा अधिकच खालावली.