धास्तीचे मोजमाप

सरकारी धोरण डळमळले की इंधनाची आणि विजेची पुरवठा-साखळी कुठे ताणली जाते, हा प्रश्न जुनाच. तो आकड्यांत पकडण्याचा उद्योग मात्र गेल्या दहाएक वर्षांत फोफावला. स्कॉट बेकर, निकोलस ब्लूम आणि स्टीव्हन डेव्हिस यांचा धोरण-अनिश्चिततेचा निर्देशांक २०१६ साली प्रसिद्ध झाला. युक्ती साधी: अर्थकारण, धोरण आणि अनिश्चितता हे तिन्ही विषय एकत्र आलेल्या बातम्या मोजायच्या. मग कच्चे तेल, वायू, लिथियम, हाती लागेल ते या निर्देशांकाला जोडणाऱ्या निबंधांचा पूर आला. देश बदलायचा, कालखंड बदलायचा. निष्कर्ष बहुधा एकच, की अनिश्चितता वाढली म्हणजे भाव हेलकावे खातात. एवढे तर पेट्रोल पंपावरचा माणूसही सांगेल!

मला जुना विचारच अधिक उपयोगी वाटतो. ओतलेला पैसा परत काढता येत नसेल, तर चित्र स्पष्ट होईपर्यंत गुंतवणूकदार हात आखडता घेतो, हे बेन बर्नान्की यांनी १९८३ मध्येच दाखवले होते. अविनाश दीक्षित आणि रॉबर्ट पिंडाइक यांच्या १९९४ च्या ग्रंथाने त्याला भक्कम गणिती बैठक दिली.

आपला सौर उद्योग याच कचाट्यात सापडला. पॅनेलनिर्मितीच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये नोंदवले. त्यामुळे धोका चीनमध्ये, असा समज. पण दिल्लीचे आदेश पाहा. जुलै २०१८ मध्ये आयातीवर २५ टक्के संरक्षण शुल्क लागले. २०१९ मध्ये मंजूर उत्पादकांच्या यादीचा आदेश निघाला, अंमल २०२१ मध्ये सुरू झाला. एप्रिल २०२२ पासून मोड्यूलवर ४० आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क येणार, हे वर्षभर आधी जाहीर झाले. साहजिकच तारखेआधी माल भरून ठेवायची झुंबड उडाली. मार्च २०२३ मध्ये ती यादी वर्षभरासाठी बाजूला ठेवली गेली, एप्रिल २०२४ मध्ये परत आली. इकडे प्रकल्पवाल्याने वीज विकायचा दर २५ वर्षांसाठी लिलावात बांधून दिलेला! आयात रोखून देशी कारखाने उभे करण्याचा हेतू मला मान्य आहे. तारखांचा हा खेळ नाही.

धोरण-अनिश्चिततेच्या भारतासाठीच्या निर्देशांकातही एक मोठी फट आहे. त्यासाठी निवडलेली सातही वर्तमानपत्रे इंग्रजी. वर्षाला ६ कोटी टन क्षमतेच्या नाणार रिफायनरीचा वाद कोकणातल्या मराठी पानांवर रोज पेटत होता. मार्च २०१९ मध्ये भूसंपादन रद्द झाले, पुढे पर्यायी जागा म्हणून बारसूचे नाव आले, एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या माती सर्वेक्षणालाही गावकरी आडवे आले. ही जोखीम मोजायची तर मराठी, गुजराती, तमिळ बातम्याही त्याच चाळणीतून काढाव्या लागतील, आणि संगणकाला ते काम आता जड नाही.