पडवीतलं वाफेचं इंजिन

धाटावच्या एमआयडीसीत वाफेला एकच काम असतं, तापवण्याचं. बॉयलर हाउसमधून निघालेली वाफ रिॲक्टरच्या जॅकेटमध्ये जाते, उष्णता देते, पाणी होते आणि स्टीम ट्रॅपमधून बाहेर पडते. बॉयलरवर नोकरी करणाऱ्या माणसाला तिचं प्रेशर, तिचं तापमान, ब्लो-डाउनची वेळ, सगळं पाठ असतं. पण वाफेला जोर असतो, ती ढकलते, हे माझ्या हातांना कळलं ते पेणच्या घरी, पडवीतल्या लेथवर इंजिन बनवताना.

इंजिन लहान आहे. आडवा सिलिंडर, बोअर २० मिलिमीटर, स्ट्रोक २५. पिस्टनला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने वाफ मिळते. पिस्टनचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे २ किलो प्रेशरला त्याच्यावर जवळजवळ सव्वासहा किलोचा जोर येतो. एका हाताने उचलावं एवढ्याशा यंत्राला हे बळ पुष्कळ झालं.

सिलिंडरसाठी भंगारवाल्याकडे गनमेटलचा जाड ठोकळा मिळाला. फ्लायव्हील मात्र बिडाचं ओतून घ्यावं लागलं आणि त्यासाठी लाकडी पॅटर्न करावा लागला. साच्यातलं शहाणपण पेणमध्ये शेजारीच असतं. गल्लीतल्या मूर्तिकारांनी पॅटर्न हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इथं थोडा उतार दे. सरळ कड ठेवलीस तर वर उचलताना वाळू सोबत येईल." उभं आयुष्य गणपती साच्यातून सोडवण्यात गेलेल्या माणसाला ओतकामाचं पुस्तक लागत नाही. बीड थंड होताना साधारण शंभराला एक या प्रमाणात आकसतं, तेवढा पॅटर्न मोठा ठेवला, आणि चाक स्वच्छ निघालं.

खरं काम बोअरचं. बोअरिंग बार बारीक, त्यामुळे तो कापताना किंचित वाकतो आणि सिलिंडर आतून निमुळता होऊ पाहतो. शेवटी टूल पुढे न घेता, त्याच मापावर तीन-चार वेळा नुसतं आतबाहेर फिरवायचं. प्रत्येक वेळी थोडा भुसा निघतो. तो निघायचा थांबला की बोअर सरळ झाला. रोह्यातले एक जुने टर्नर मला सांगायचे, "मापाच्या मागं लागू नकोस. आधी बोअर कर, मग त्याच बोअरला पिस्टन लाव." कारखान्यात हजार पिस्टन हजार सिलिंडरांत बसायचे असतात, म्हणून तिथे माप महत्त्वाचं. घरच्या कामात एकच पिस्टन एकाच सिलिंडरात बसायचा असतो. बोअर २०.०४ झाला तरी बिघडत नाही, पिस्टन त्याच्याशी जुळला की झालं. साध्या लेथवर चांगलं इंजिन होतं ते याच कारणाने, आणि घरी काम करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं. पिस्टनच्या खाचेत ग्राफाइटची पॅकिंग दोरी भरली. पावसाळ्यात हे काम करायचं तर रोज काम संपवून उठताना सगळ्यावर तेल फिरवावं लागतं. लख्ख घासलेलं पोलाद पेणच्या हवेत रात्रभरात तांबूस होतं.

लहान इंजिन सोपं असेल हा समज मात्र सोडावा लागतो. आकार निम्मा केला तर सिलिंडरची जागा आठपट कमी होते, पण भिंत चौपटच कमी होते. वाफेच्या मानाने थंड धातू वाढतो आणि बरीच वाफ काम न करताच पाणी होते. १७६३-६४च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेन इंजिनाचं मॉडेल जेम्स वॉटकडे दुरुस्तीला आलं, तेव्हा त्यालाही हेच दिसलं. दोन इंची सिलिंडर एवढी वाफ खायचा की बॉयलर पुरा पडेना. त्या हावरेपणाचा शोध घेता घेता १७६५मध्ये त्याला वाफ वेगळ्या भांड्यात थंड करण्याची कल्पना सुचली. आपल्याकडे १८३०च्या दशकात मुंबईत अर्देशीर करसेटजी वाडियांनी एक अश्वशक्तीचं इंजिन तयार करून आपल्या विहिरीचं पाणी उपसायला लावलं. १८४१मध्ये ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. पुढे पेणचा माणूस धरमतरला जाऊन मुंबईच्या आगबोटीत बसायचा तो याच वाफेच्या भरवशावर.

माझ्या इंजिनाचा मेंदू म्हणजे डी-व्हॉल्व्ह. पोटात खळगा असलेला पितळी ठोकळा वाफपेटीत, सिलिंडरच्या सपाट पाठीवर पुढेमागे घसरतो. पाठीवर तीन खाचा असतात. कडेच्या दोन सिलिंडरच्या दोन टोकांना जातात, मधली वाफ बाहेर सोडते. ठोकळा सरकून एका टोकाची खाच उघडतो, त्याच वेळी दुसऱ्या टोकाची वापरलेली वाफ खळग्यातून मधल्या खाचेत जाते. ठोकळ्याला हलवणारी एक्सेंट्रिक चार जबड्यांच्या चकमध्ये २.५ मिलिमीटर बाजूला धरून कापली. डायलच्या काट्याने एका फेऱ्यात बरोबर ५ मिलिमीटर दाखवले पाहिजेत.

मग वाफपेटीचं झाकण काढून चाक हाताने फिरवायचं. पिस्टन टोकाला पोचला की खाच नुकतीच उघडू लागलेली असावी, फीलर गेजची ०.१ची पात आत जाईल एवढीच. चाक अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक बघायचं. दोन्हीकडची फट वेगळी असेल तर व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं नट फिरवून फरकाच्या निम्मं सरकवायचं. फटी सारख्या, पण दोन्हीही जास्त किंवा कमी असतील, तर नटाला हात न लावता एक्सेंट्रिक शाफ्टवर फिरवायची. हा क्रम पाळला तर काम तासाभरात होतं. आधी एक्सेंट्रिक, मग नट, पुन्हा एक्सेंट्रिक असं सुरू केलं की दिवस जातो.

बॉयलर तांब्याचा, अर्धा लिटर पाण्याचा. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची भांडी बॉयलर कायद्यातून वगळलेली आहेत. इन्स्पेक्टर येणार नाही, म्हणजे तपासणीची जबाबदारी पूर्ण आपली. कथलाचा टाका इथे चालत नाही. तो १८३ अंशांपासून मऊ पडू लागतो आणि ३ किलो प्रेशरची वाफच १४३ अंशांच्या आसपास असते. पाणी कमी पडलं की ज्योतीवरचा सांधा सुटायला वेळ लागणार नाही. म्हणून सगळे सांधे सहाशे अंशांच्या वर वितळणाऱ्या सिल्व्हर ब्रेझिंगचे. चाचणी थंड पाण्याची, दुप्पट म्हणजे ६ किलोची, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा फुटला तरी नुसती पिचकारी उडते. कोंडलेली हवा असती तर तांब्याचे तुकडे उडाले असते. ही चाचणी न करता कुणीही आग लावू नये.

पहिल्यांदा वाफ सोडली की इंजिन चालत नाही, पाणी ओकतं. ड्रेन कॉक उघडे ठेवून, चाक हाताने हलवत सिलिंडर तापू द्यायचा. घाई केली तर आत अडकलेलं पाणी पिस्टनला झाकणावर आपटवतं. कॉकमधून कोरडी, न दिसणारी वाफ येऊ लागली की ते बंद करायचे. मग चाक स्वतःहून पुढे जातं आणि पहिल्यांदाच बोटांना जाणवतं की आता ते आपल्याला ओढतंय. जोरात पळवण्यात काही विशेष नाही. प्रेशर कमी करत करत ते किती सावकाश, न अडकता फिरतं ते बघायचं. कुठे घासत असेल, कुठे पॅकिंग जास्त आवळलं असेल, ते तेव्हाच उघडं पडतं.

आता बॉयलरला पाणी पुरवणारा फीड पंप करायचा आहे. २ किलोला एका फेऱ्यात इंजिन हिशेबाने ०.०२६ ग्रॅम वाफ घेतं. ४ मिलिमीटरचा रॅम ६ मिलिमीटर सरकला की सुमारे ०.०७५ ग्रॅम पाणी ढकलतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. थंड भिंतींवर पाणी होऊन जाणारी वाफ आणि ग्लँडमधली गळती धरली तर एवढं लागेलच, आणि उरलेलं बायपासने टाकीत परत सोडता येईल.