पायांनी वाचायची वाट

मुलांनो, रेल्वेच्या फलाटावर उंचवटे असलेल्या पिवळ्या फरश्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्यावरून उड्याही मारल्या असतील! पण त्या तिथं कशासाठी असतात, ठाऊक आहे?

खरं सांगू? मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या चौथीच्या वर्गाची सहल निघाली होती. गाडीला अवकाश होता, म्हणून मुलांची दप्तरं मी त्याच पिवळ्या पट्ट्यावर ठेवायला लावली. ओळ कशी छान सरळ आली! इतक्यात पांढरी काठी टेकत एक काका आले. काठी दप्तराला अडली. काका थबकले आणि चाचपडत बाजूला सरकले, ते नेमके रुळांच्या बाजूला! एका हमालदादांनी झटकन त्यांचा हात धरला, म्हणून बरं. काका एवढंच म्हणाले, "अहो, आमच्या वाटेवर काय ठेवलंय?"

मी ओशाळले. दप्तरं उचलली आणि घरी आल्यावर या फरश्यांची माहिती शोधून काढली.

या फरश्या दोन प्रकारच्या असतात. एकीवर लांब रेघा असतात. त्या सांगतात, 'सरळ चला.' दुसरीवर गोल टिकल्या असतात. त्या सांगतात, 'सावध! पुढे जिना, वळण किंवा फलाटाची कड आहे.' ज्यांना दिसत नाही, ते हे निरोप काठीनं आणि तळपायांनी वाचतात. आणि पिवळाच रंग का? तर ज्यांना अगदी अंधूक दिसतं, त्यांनाही तो चटकन ओळखू यावा म्हणून.

ही युक्ती जपानच्या सेइइची मियाके यांची. 1967 साली ओकायामा शहरात, अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर अशा फरश्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. तिथून त्या जगभर पोचल्या.

आपल्या देशात 2016 साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. बसथांबे, रेल्वे स्थानकं, विमानतळ, तिथली तिकीट खिडकी आणि स्वच्छतागृहंसुद्धा दिव्यांगांना वापरता आली पाहिजेत, असं तो सांगतो. चाकाच्या खुर्चीला उतार हवा, ऐकू न येणाऱ्याला गाडीची माहिती पाटीवर वाचता यायला हवी. ही मेहेरबानी नव्हे बरं का, हक्क आहे!

पण कायद्यानं फरशी बसते, ती मोकळी कोण ठेवणार? आपणच ना!

एक गंमत करून पाहा. वर्गात जमिनीवर जाड सुतळी आडवीतिडवी पसरा. अनवाणी, डोळे मिटून तिच्यावरून चाला. मित्राला जवळ उभं राहायला सांगा. मग त्यानं गुपचूप सुतळीवर एक दप्तर ठेवावं. पायाला ते लागलं की कसं गोंधळायला होतं, ते तुमचं तुम्हालाच कळेल. मात्र हा खेळ वर्गातच हं, फलाटावर मुळीच नाही!

आता पुढच्या प्रवासात पिवळ्या पट्ट्यावर तुमची बॅग दिसली, तर उचला. आईबाबांची दिसली, तर त्यांनाही सांगा. आमच्या वर्गातली पोरं हल्ली मलाच बजावतात, "बाई, काकांची वाट सोडा!"

मग, सोडणार ना तुम्हीही?