स्कूटरची पीक पॉवर: किती किलोवॅट, आणि किती वेळ?



मागच्या उन्हाळ्यात मी आणि लॅबमधला मित्र इलेक्ट्रिक स्कूटरवरून दिवे घाट चढत होतो. सिग्नलला सगळ्यांच्या पुढे सुटणारी गाडी अर्ध्या घाटात मंदावली आणि डिस्प्लेवर तापमानाचा इशारा आला. मित्र म्हणाला, "अरे, मोटर तर ६ किलोवॅटची आहे ना?" हो, आहे. पण किती वेळ?

माहितीपत्रकात बहुतेक वेळा दोन आकडे असतात. पीक पॉवर म्हणजे मोटर थोडाच वेळ देऊ शकते ती कमाल शक्ती. रेटेड किंवा कंटिन्युअस पॉवर म्हणजे मर्यादेबाहेर न तापता सतत देता येते ती. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुप्पट असणं काही नवल नाही.

असं का? टॉर्क साधारणपणे करंटच्या प्रमाणात वाढतो, पण तांब्याच्या वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टॉर्क दुप्पट, तर उष्णता चौपट! मोटरचं तांबं-लोखंड ही उष्णता थोडा वेळ साठवून घेतं, म्हणून काही सेकंद निभावतं. पुढे मात्र इन्सुलेशन खराब होण्याची आणि चुंबक कमजोर होण्याची भीती असते. म्हणून कंट्रोलर करंट कमी करतो. आमची गाडी बिघडली नव्हती, ती स्वतःला वाचवत होती.

आता गणित करून बघा. गाडी आणि दोघे मिळून २५० किलो धरा. सिग्नलवरून ४ सेकंदांत ताशी ४० किलोमीटर गाठायला सुमारे १५,४०० ज्यूल लागतात, म्हणजे सरासरी ३.९ किलोवॅट. पण फक्त ४ सेकंद.

आता समजा, दर १० मीटरला १ मीटर चढणारा रस्ता आहे आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. दर सेकंदाला १ मीटर उंची गाठायला २५० × ९.८ × १ = २,४५० वॅट. हवेचा आणि टायरचा विरोध मिळवला की ३ किलोवॅटच्या पुढे. हा आकडा सिग्नलपेक्षा लहान आहे, पण तो मिनिटामागून मिनिट द्यावा लागतो. रेटेड पॉवर ३ किलोवॅट असेल, तर मोटर तापत जाणारच.

गंमत म्हणजे आपल्या नियमांनी हा 'किती वेळ' आधीच लिहून ठेवलाय. नोंदणी न लागणाऱ्या कमी वेगाच्या ई-दुचाकींसाठी ०.२५ किलोवॅटची मर्यादा आहे, आणि ती पीक पॉवरची नाही, तर 'तीस मिनिटांच्या पॉवर'ची.

तुम्ही उद्या पेपर वाचाल, स्वतःचे निकाल मांडाल, तेव्हा हीच सवय ठेवा. आकडा दिसला की विचारा: किती वेळ मोजला, किती तापमानाला, कोणत्या अटींवर? अटींशिवायचा आकडा ही जाहिरात असते, मापन नव्हे.

घरचा अभ्यास: हेच गणित एकट्या चालकासाठी, १८० किलो धरून करा. घाटात फरक किती पडतो?